घरापासून सहाशे किलोमीटर: निवासी शाळांवरच्या कादंबऱ्यांत जागा नेमकं काय करते?

माझी बहीण कॅनडात, व्हँकूवरला लागून असलेल्या सरे शहरात राहते. तिची मुलगी यंदा बारावीला आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२३-२४ पासून बारावी पूर्ण करायची तर तिथल्या आदिवासींशी संबंधित एक तरी विषय घ्यावाच लागतो. भाचीने इंग्रजी साहित्याचा तसा पर्याय घेतला, आणि एका रविवारी तिचा फोन आला. “मावशी, निबंध लिहायचाय. ‘सेटिंग कादंबरीला कसा आकार देते?’ सेटिंग म्हणजे बॅकग्राउंडच ना गं? पाऊस पडत होता, गल्ली अरुंद होती, वगैरे. त्यावर दीड हजार शब्द काय लिहू?”

प्रश्न रास्त होता. आपणही शाळेत ‘स्थळ-काळ’ असं दोन मार्कांपुरतं लिहून पुढे गेलो. पण तिच्यासमोरची कादंबरी कॅनडातल्या निवासी शाळांतून जगून बाहेर पडलेल्यांची होती, आणि तिथे दोन मार्कांत भागत नाही. का, ते तिला फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर.

## आधी, त्या शाळा कसल्या होत्या?

कॅनडात ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाच्या घोटाळ्यातून तिथल्या मूळ रहिवाशांना चिकटलेलं ते नाव. आज ते स्वतःला फर्स्ट नेशन्स, मेटी, इन्युइट म्हणवतात, आणि त्यातही क्री, ओजिब्वे, हायडा अशी आपापली नावं आहेत. मी सोयीसाठी आदिवासी म्हणते.

१८८० च्या दशकापासून कॅनडा सरकारने या लोकांच्या मुलांसाठी निवासी शाळांचं जाळं विणलं. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. १९२० साली कायदा दुरुस्त करून ७ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती करण्याचा अधिकार सरकारने घेतला. मूल पाठवलं नाही तर आईबापांना दंड किंवा कैद. सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. शेवटच्या शाळांना कुलूप लागलं ते १९९० च्या दशकात, म्हणजे आपल्यातले बरेच जण तेव्हा स्वतः शाळेत होते.

आल्या दिवशी केस कापायचे. आपली भाषा बोललं की मार. अनेक ठिकाणी नावाऐवजी नंबर. मुलग्यांची बाजू वेगळी, मुलींची वेगळी, त्यामुळे सख्खे भाऊबहीण एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलू शकत नसत. क्षयरोग, अर्धपोटी जेवण, आणि कित्येक शाळांत लैंगिक अत्याचार. मेलेल्या मुलांच्या राष्ट्रीय नोंदीत आज चार हजारांहून अधिक नावं आहेत. मे २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या जुन्या शाळेच्या आवारात रडारने जमिनीखाली पाहिल्यावर सुमारे दोनशे कबरी असाव्यात अशा खुणा दिसल्या, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली. तेव्हापासून ३० सप्टेंबर हा तिथे राष्ट्रीय स्मरणदिन आहे. मुलं केशरी शर्ट घालून शाळेत जातात. (भाचीचा तसा फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आला, तेव्हा एका काकांनी “जय शिवराय” लिहून टाकलं होतं.)

या शाळांतून बाहेर पडलेल्यांना तिथे ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात, म्हणजे जगले-वाचलेले. ‘माजी विद्यार्थी’ म्हणत नाहीत. शाळेबद्दल हा शब्द वापरावा लागतो, यातच बरंच आलं.

## दूर नेणं हाच अभ्यासक्रम

आता मुद्द्याची गोष्ट. मुलांना शिकवायचंच होतं, तर वस्तीत शाळा काढता आली असती. काही ठिकाणी तशा दिवसाच्या शाळा होत्याही. पण पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड यांनी १८८३ साली संसदेत सांगितलं त्याचा मथितार्थ असा: शाळा वस्तीत असली की मूल संध्याकाळी आईबापांकडे जातं, आणि लिहायला-वाचायला शिकलं तरी ‘रानटी’च राहतं, म्हणून त्याला आईबापांच्या प्रभावातून काढून दूरच्या शाळेत ठेवावं.

अंतर ही अडचण नव्हतीच. अंतर हेच अवजार होतं. १८८५ नंतर कॅनडाच्या गवताळ प्रदेशात आदिवासींना वस्तीबाहेर पडायला सरकारी एजंटाचा पास लागे. कायद्यात त्याला आधार नव्हता, तरी कित्येक दशकं तो चालला. म्हणजे मूल शाळेतून येऊ शकत नाही आणि आई तिथे जाऊ शकत नाही. पश्चिम किनाऱ्यावर तर काही शाळा बेटांवरच होत्या. क्यूपर बेटावरच्या शाळेला मुलं ‘अल्काट्राझ’ म्हणत, अमेरिकेतल्या बदनाम तुरुंग-बेटावरून. तिथून ओंडक्यांवर बसून समुद्र ओलांडायचा प्रयत्न मुलांनी केला आहे. काही बुडाली.

चॅनी वेनजॅक हा बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा ऑक्टोबर १९६६ मध्ये ओंटारिओतल्या केनोराजवळच्या शाळेतून पळाला. घर सुमारे सहाशे किलोमीटरवर. रेल्वेचे रूळ धरून चालत गेलं की घर येईल, असा हिशेब. अंगात पातळ विंडचीटर. जवळ काचेच्या छोट्या बरणीत थोड्या आगकाड्या आणि रेल्वेमार्गाचा एक नकाशा. रुळांच्या कडेला तो थंडीने मेलेला सापडला. शाळेत त्याला चार्ली म्हणत.

मुंबई-नागपूर हे अंतर साधारण आठशे किलोमीटर. त्यातला पाऊण रस्ता, बारा वर्षांच्या पोराला, बर्फात, पायी कापायचा होता. तो नकाशा मला या विषयातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त छळतो.

## मग सेटिंग म्हणजे काय?

साधं उदाहरण घेऊ. गिरगावातल्या चाळीत नवराबायकोचं भांडण झालं तर दहा दारं उघडतात. कोणीतरी काकू मध्ये पडते, कोणीतरी पोराला आपल्याकडे जेवायला नेतं. तेच भांडण विसाव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये झालं तर लिफ्टमध्ये दुसऱ्या दिवशी ‘गुड मॉर्निंग’ होतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. माणसं तीच, शब्द तेच, पण गोष्ट वेगळी. एका जागेत मध्यस्थ शक्य आहे, दुसऱ्या जागेत नाही.

सेटिंग म्हणजे हे. भिंतीचा रंग आणि पावसाची सर नव्हे (ते असलं तर छानच). त्या जागेत, त्या काळात माणसाला काय करता येतं, कोणाच्या नजरेसमोर, आणि तिथून बाहेर पडायची वाट कोणाच्या हातात आहे.

जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. तिथे माहेराइतकीच माहेरची वाट गायली जाते. कारण सासुरवाशिणीचं सगळं दुःख त्या वाटेच्या लांबीत आणि ती कधी चालता येईल याच्या परवानगीत असतं.

## तळ्यापासून रिंकपर्यंत

रिचर्ड वॅगमीज हे ओजिब्वे लेखक. त्यांचे आईवडील या शाळांतून गेलेले. त्यांचं स्वतःचं बालपण परक्या घरांत गेलं. २०१२ साली आलेली त्यांची ‘इंडियन हॉर्स’ ही कादंबरी जागेने कशी चालते ते बघण्यासारखं आहे.

सॉल हा मुलगा. शाळेचे लोक मुलं उचलून नेतात म्हणून त्याचं कुटुंब रानात आत-आत सरकत राहतं. शेवटी गॉड्स लेक नावाच्या तळ्याकाठी येतं. तिथे पाण्यात आपोआप उगवणारा भात आहे, आपल्याकडच्या देवभातासारखा. आजी नातवाला तो कसा काढायचा ते शिकवते. वाचताना वाटतं, लेखक निसर्गवर्णनात रमला. तसं नाही. तळ्याला नाव आहे, नावाला कथा आहे, भात काढायला पद्धत आहे, पद्धतीला शब्द आहेत. शाळा, भाषा, देऊळ, रेशन दुकान असं सगळं मिळून ते एक तळं आहे. पुढे काय काय हिसकावलं जाणार, त्याचा हा पंचनामा आहे.

मग हिवाळा येतो आणि मोठी माणसं एकेक करून नाहीशी होतात. आजी आठ वर्षांच्या सॉलला होडीतून, मग बर्फातून रेल्वेपर्यंत आणते आणि फलाटावर त्याला कुशीत घेऊन गोठून मरते. रान आणि शाळा यांच्या मध्ये नेमका रेल्वेचा फलाट. चॅनीला घरी नेणार होते तेही रूळच.

शाळेतला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. शाळेजवळच्या ओढ्यात मासे चढलेले असतात. मुलं ते हातांनी पकडतात, पण पकडलेले मासे घरी न्यायला घर कुठे आहे? परतताना मुलं तळवे नाकाशी धरून माशांचा वास घेत राहतात आणि रडतात. एका इमारतीने त्यांचं काय काढून घेतलं, हे सांगायला वॅगमीजना छळाचं वर्णन करावं लागत नाही. हाताच्या वासात अख्खं तळं आहे.

आणि मग येते ती आइस हॉकीची रिंक. शाळेच्या आवारातच गोठवलेला बर्फाचा चौकोन. पहाटे बर्फ झाडायचं काम सॉल मागून घेतो आणि कोणी उठायच्या आत घोड्याच्या लिदीचे गोठलेले गोळे चकती म्हणून वापरत खेळ शिकतो. वाचणारा सुटकेचा श्वास सोडतो: चला, पोराला एक तरी मोकळी जागा मिळाली. पण रिंकलाही भिंती आहेत, प्रेक्षक आहेत, आणि ती बांधली कोणी हा प्रश्न आहे. तो मोठ्या शहरात खेळायला जातो तेव्हा वर्तमानपत्रांना त्याच्या खेळापेक्षा त्याचं ‘इंडियन’ असणं जास्त दिसतं. शेवटाकडे त्या पहिल्या रिंकबद्दल जे कळतं ते मी फोडणार नाही. एवढंच सांगते की ते कळल्यावर मागची सगळी पानं पुन्हा वाचावी लागतात, आणि दुसऱ्या वाचनात तोच बर्फ तसा पांढरा राहत नाही.

## शाळा थोडी, शहर जास्त

भाचीची कादंबरी दुसरी. मिशेल गुड यांची ‘फाइव्ह लिटल इंडियन्स’, २०२० सालची, गव्हर्नर जनरल्स पुरस्कार मिळालेली. गुड क्री आहेत आणि पेशाने वकील; सर्व्हायव्हरांची प्रकरणं त्यांनी हाताळली. त्यांची आईही अशाच शाळेतली.

या कादंबरीत एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. शाळेत फार पानं जात नाहीत. पाच मुलं: केनी, लूसी, क्लारा, हाउई, मेझी. किनाऱ्यावरच्या एकाकी मिशन शाळेतून केनी होडी घेऊन पळतो. लूसीला सोळाव्या वर्षी शाळा सोडून देते, आणि ती मैत्रिणीचा पत्ता घेऊन एकटी बसने व्हँकूवरला येते. काळ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धाचा. आणि मग गोष्ट शहराची होते, विशेषतः डाउनटाउन ईस्टसाइडची: ईस्ट हेस्टिंग्ज स्ट्रीट, एकेका खोलीची जुनी हॉटेलं, बार, गरिबांना फुकट जेवण देणारी सूपकिचन. त्या भागात आदिवासींचं प्रमाण शहरातल्या त्यांच्या एकूण प्रमाणापेक्षा आजही कितीतरी जास्त आहे.

भाचीने विचारलं, “घरी का जात नाहीत ती?” इथेच सेटिंगचं उत्तर आहे. केनी जातो ना घरी. आई भेटते, पण मूल गेल्यावर दारूने पोखरलेली. घराचा पत्ता तोच आहे, घर नाही. बाकीच्यांना भाषा येत नाही, नाती आठवत नाहीत, भाड्याला पैसे नाहीत. जिथे कोणी ओळखत नाही तिथे लाज कमी वाटते. म्हणून शहर.

आणि शहरात काय मिळतं? लॉजच्या खोल्या साफ करायचं काम. शाळेने दुसरं शिकवलं काय होतं? या शाळांत अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस राबणूक ही पद्धत वर्षानुवर्षं होती. फरशा घासणं, कपडे धुणं, गुरं बघणं. शाळेतली फरशी आणि लॉजमधली फरशी यांत फरक एवढाच की इथे पगार मिळतो. लूसी मोजत राहते, पुन्हापुन्हा साफ करत राहते. स्वतःच्या खोलीचं दार तिच्या हातात आहे, तरी ते बंद झाल्याची खात्री पटत नाही. केनी उलट, त्याला कुठल्याच छपराखाली टिकता येत नाही. मासेमारी, फळबागा, पुन्हा रस्ता. प्रेम आहे, मुलगी आहे, पण तो दारातून बाहेर जातच राहतो. एकाच इमारतीने एकीला दाराच्या आत खिळवलं आणि दुसऱ्याला दाराबाहेर. हाउई तर पुढे खऱ्याच तुरुंगात जातो, आणि सुटल्यावर मोकळं कसं राहायचं हे त्याला नव्याने शिकावं लागतं.

क्लाराचा भाग वेगळा आहे. ती शहरापासून दूर एका केबिनमध्ये मारिया नावाच्या म्हातारीकडे राहते, आणि तिथे काहीतरी सांधायला लागतं. मला इथे थोडी घाई वाटते. शहरात जखम आणि रानात औषध, हे समीकरण जरा सोपं आहे. पण गुड सगळ्यांना रानात पाठवत नाहीत. काही जणांना शहरातच जगायचं आहे, आणि कादंबरीचा जीव मला तिथेच वाटतो.

## ‘हे तर पात्रांबद्दल झालं, जागेबद्दल नाही’

हा आक्षेप भाचीच्या बाईंनीही घेतला होता म्हणे. लूसीचं मोजणं हा तिचा मानसिक आजार. त्याला सेटिंग का म्हणायचं?

उत्तर करून बघण्यात आहे. लूसीला त्या शाळेऐवजी वस्तीतल्या दिवसाच्या शाळेत घाला. मारकुट्या बाई ठेवा, वाईट जेवण ठेवा. पण संध्याकाळी घरी जाऊ द्या. मोजणं कदाचित राहील, पण सोळाव्या वर्षी एकटीने व्हँकूवर गाठणं राहत नाही, ते लॉज राहत नाही, केनीची भेट राहत नाही. पात्र कितीही तेच ठेवलं तरी कादंबरी उभी राहत नाही. सेटिंगची परीक्षा एवढीच: काढून घेतल्यावर काय कोसळतं?

## खरी शाळा असताना कल्पित का?

दोन्ही कादंबऱ्यांतल्या शाळा कल्पित आहेत. “म्हणजे अतिशयोक्तीला मोकळं रान,” असं कोणी म्हणेल. मला हे उलटं वाटतं, आणि त्याचं कारण कोर्टकचेरीत आहे.

सर्व्हायव्हरांना भरपाई देण्यासाठी २००६-०७ मध्ये झालेल्या करारात मान्य शाळांची यादी होती. अखेरीस ती सुमारे १४० वर थांबली. तुमची शाळा यादीत असेल तर दावा, नसेल तर नाही. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या शाळा सुरुवातीला बाहेरच राहिल्या. २००८ मध्ये सरकारने या शाळांबद्दल माफी मागितली, तीतही त्या नव्हत्या, आणि तिथल्या लोकांची माफी तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी मागितली ती २०१७ मध्ये. छळ तोच, पण नकाशावर जागा चुकली. अत्याचाराच्या दाव्यांची सुनावणी बंद खोलीत होई, आणि नुकसानाला तक्त्यावरून गुण मिळत. असे सुमारे अडतीस हजार दावे आले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दावेदाराने वेगळं सांगितलं नाही तर ही कागदपत्रं पंधरा वर्षांनी नष्ट करावीत. गोपनीयतेच्या दृष्टीने निर्णय योग्यच. पण मग ती खोली, तो जिना, ती रात्र कुठे राहणार?

कल्पित शाळेला यादीत नाव लागत नाही. कोणा एकाची साक्ष उघडी न पाडता शेकडो इमारतींचे जिने तिच्यात बांधता येतात. वकिलीत ऐकलेलं सगळं गुप्त ठेवून ते सांगण्याची हीच एक वाट लेखिकेपुढे असावी, असा माझा अंदाज आहे.

## आणि आपल्या आश्रमशाळा?

मराठी वाचकाच्या मनात हे येणारच. तुलना जपून करावी. आश्रमशाळांच्या सोयी आणि सुरक्षितता यांबद्दल बोलण्यासारखं खूप आहे, आणि गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठी पुस्तक मिळतं हा प्रश्नही खरा आहे. पण मुलांना आईबापांपासून तोडायचं म्हणून त्या निघालेल्या नाहीत, आणि न पाठवल्याबद्दल बापाला कैद होत नाही.

खरं जवळचं उदाहरण सोलापुरात आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. लोक तिला ‘सेटलमेंट’च म्हणत. हजेरी, बाहेर जायला पास. १९११ च्या कायद्यात या जमातींच्या मुलांना आईबापांपासून काढून सुधारगृहासारख्या शाळांत ठेवण्याची तरतूदही होती. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. भटक्या-विमुक्तांच्या मराठी आत्मकथनांत गावकुसाबाहेरचं पाल, पोलिसपाटलाची चावडी, हजेरीची जागा अशी पुन्हापुन्हा का येतात, हे या अंगाने वाचलं की वेगळं दिसतं.

हे सगळं मी भाचीला लिहून पाठवलं. चार दिवस उत्तर नाही. मग एक व्हॉइस मेसेज आला, मागे स्कायट्रेनचा आवाज. ती मैत्रिणीबरोबर ईस्ट हेस्टिंग्जला जाऊन आली होती, आईला न सांगता.

“मावशी, मला ती गल्ली आधीपासून माहीत होती गं. डाउनटाउनला जाताना आई जिथे म्हणते ना, काचा वर घे, ती.”